पावणेबाराचा ब्रेकआउट

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी माशेलचा, वय ३१. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी साडेतीन लाख रुपये घेऊन शेअर बाजारात उतरलो. एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करत नाही, फक्त डिलिव्हरी, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवतो. व्हिडिओ बघून चार्ट पॅटर्न, म्हणजे भावाच्या आलेखातल्या आकृत्या, शिकलो: कप अँड हँडल, डबल बॉटम, ट्रँगल, फ्लॅग. पॅटर्न मला चांगले ओळखता येतात, मित्रांना मीच दाखवतो. पण मी घेतला की शेअर खाली येतो, आणि वैतागून विकला की वर जातो. आठ महिन्यांत २३ ट्रेड केले, खर्च धरून ४२ हजार गेले. यादी सोबत जोडली आहे. माझी एंट्री नेमकी कुठे चुकते? सगळ्यात खात्रीचा पॅटर्न कोणता? एक जण १५ हजारांत कोर्स आणि ग्रुप देतो, ९० टक्के अ‍ॅक्युरसी सांगतो, तो घेऊ का? ब्रोकरच्या अ‍ॅपवर एमटीएफ (ब्रोकरच्या उधारीवर शेअर घ्यायची सोय) आहे, त्याने नुकसान लवकर भरून निघेल का? बाबा निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, सगळं काढ आणि पतसंस्थेत ठेव. डिसेंबरात घरी पाळणा हलणार आहे, त्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

उत्तर:

यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘बरंच नुकसान झालं’ एवढंच असतं, आणि बरंच म्हणजे किती असं विचारलं की पुढचं पत्र येतच नाही. तुम्ही तारीख, वेळ, भाव, नग सगळं दिलंत. मी दोन संध्याकाळी तुमचे २३ चार्ट एकेक करून उघडून बसलो. आमच्या घरात चार्ट उघडला की बायकोच्या कपाळावर आठी पडते. त्याला कारण आहे, ते पुढे सांगतो.

पॅटर्न ओळखता येतात असं म्हणता, ते बऱ्याच अंशी खरं आहे. २३ पैकी १९ ठिकाणी तुम्ही जी आकृती म्हणता ती तिथे दिसते. उरलेल्या चारांत कप ओढूनताणून काढलाय. तीन-चार दिवस पडून वर आलेल्या शेअरला कप म्हणत नाहीत. कपाचा तळ बशीसारखा पसरट हवा, आणि तो तयार व्हायला निदान काही आठवडे जायला हवेत. पण चार चुका म्हणजे काही नाही. ४२ हजार त्या चारांत गेलेले नाहीत.

मला यादीत दुसरंच काहीतरी दिसलं. २३ पैकी १६ खरेद्या सकाळी साडेअकरा ते बारा-दहाच्या मधल्या आहेत. आधी वाटलं योगायोग असेल. मग यादीच्या तळाशी तुम्ही लिहिलेली ओळ वाचली, की प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, जेवणाच्या सुट्टीतच काय ते बघता येतं. म्हणजे ब्रेकआउट, भावाने अडलेली पातळी ओलांडून वर जाणं, पावणेबाराला होत नव्हता. पावणेबाराला तुम्ही डबा उघडत होता. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात मोबाइल, २० मिनिटांत परत आत जायचं, आणि शेअर तुम्ही चार्टवर त्या पातळीला मारलेल्या रेघेच्या वर दिसतोय. अशा वेळी कोणीही ‘बाय’ दाबेल. मीही दाबला असता.

त्या १६ दिवसांचे बंद भाव मी पाहिले. त्यांपैकी ११ दिवशी बाजार साडेतीनला बंद झाला तेव्हा शेअर पुन्हा रेघेच्या खाली होता. तुम्ही विकत घेतला तो ब्रेकआउट संध्याकाळपर्यंत उरलाच नव्हता.

यादीतला सातवा ट्रेड घेऊ, कारण त्यात सगळंच आहे. कंपनीचं नाव इथे छापत नाही, तुम्हाला माहीत आहे. शेअर दोन-अडीच महिने ३८० ते ४२० मध्ये फिरत होता. छान गोल तळ, मग ४२० ला टेकून थोडा मागे आला, ३९८ पर्यंत, ती झाली कपाची दांडी. तुम्ही ४२० वर रेघ मारलीत, बरोबर मारलीत. त्या दिवशी ११:४० ला भाव ४३१ होता. तुम्ही २३० शेअर घेतलेत, म्हणजे ९९,१३० रुपये. शेअर बंद झाला ४१७ ला. दिवसाची कॅण्डल (त्या दिवसाचे भाव दाखवणारी चार्टवरची उभी पट्टी) पाहा: वरती लांब शेपटी, अंग छोटं. ४२० च्या वर विकणारे बसले होते आणि त्यांनी विकून दाखवलं, एवढाच तिचा अर्थ. पुढचे १२ दिवस तुम्ही रोज सुट्टीत तो बघत राहिलात, आणि ३९१ ला धीर सुटून विकलात. ४० रुपये गुणिले २३०, गेले ९,२०० रुपये. शेअरने ३८९ चा तळ केला आणि पाच आठवड्यांत ४५५ गाठले.

‘मी विकला की वर जातो’ ते हे. बाजाराला तुमचा डिमॅट नंबर माहीत नाही हो. तुम्ही जिथे घाबरता तिथेच आणखी काही हजार माणसं घाबरतात. ती सगळी विकून मोकळी झाली की विकणारं कोणी उरत नाही, आणि भाव वर जातो.

पॅटर्न चालतो तेव्हा का चालतो, हे समजलं तर पुढचं सोपं जाईल. ४२० ला पूर्वी ज्यांनी घेतला ते शेअर ३८० ला आल्यावर अडकले. महिना गेला, दोन महिने गेले. भाव परत ४२० ला आला की ते म्हणतात, देवा, मुद्दल सुटलं, काढून टाकतो. म्हणून त्या पातळीला विक्री येते, तिलाच आपण रेझिस्टन्स म्हणतो. दोनदा-तीनदा भाव तिथे जाऊन आला की अडकलेल्यांतले बरेच सुटून गेलेले असतात. मग एखाद्या दिवशी मोठी खरेदी आली की अडवायला कोणी नसतं. आकृतीमागे हीच माणसं आहेत. म्हणून व्हॉल्यूम बघायचा. गेल्या २० दिवसांच्या सरासरीच्या दीड-दुप्पट उलाढाल झाली असेल तर ४२० च्या वर कोणीतरी खरंच जोर लावलाय. उलाढाल रोजच्याइतकीच असेल तर भाव नुसता डोकावून आलाय. तुमच्या सातव्या ट्रेडला व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा कमीच होता. एनएसई रोज संध्याकाळी डिलिव्हरीचा आकडाही देते, म्हणजे उलाढालीतले किती शेअर खरोखर घरी नेले. मी तोही बघतो, पण तुम्ही तूर्त व्हॉल्यूमवरच थांबा. एका वेळी एक.

आणि ती रेघ फक्त तुम्हालाच दिसते असं नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर तीच ४२० ची रेघ आहे. त्यामुळे ४२०-४२२ ला खरेदीचे ऑर्डर लागलेले असतात, आणि ज्याला माल काढायचाय त्याला यासारखी गिऱ्हाइकाची गर्दी दुसरीकडे मिळत नाही. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात नेमक्या गर्दीच्या वेळी भाव का चढा सांगतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: दिवसाच्या मध्यात घेऊ नका. शिफ्ट संपवून घरी या, चहा घ्या, बाजार बंद झाल्यावरचा दिवसाचा चार्ट उघडा. शेअर रेघेच्या वर बंद झालाय का, व्हॉल्यूम आहे का, एवढं पाहा. दोन्हीला हो असेल तर दुसऱ्या दिवसासाठी लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाचा) किंवा जीटीटी (भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप जाणारा ऑर्डर) लावून ठेवा आणि भाव पक्का ठरवा: ४२४ ला मिळाला तर घेईन, ४३० च्या वर उघडला तर नको. हाताने घ्यायचा झाला तर पहिली पंधरा मिनिटं मुळीच नको. रात्रीच्या बातम्यांचं अजीर्ण तेव्हा बाहेर पडत असतं. बरेचदा शेअर रेघ ओलांडून दोन-चार दिवसांनी परत रेघेपाशी येतो, त्याला रिटेस्ट म्हणतात, आणि तुमच्यासारख्या नोकरदाराला ती जागा सोयीची. धावत्या बसमागे पळण्यापेक्षा थांब्यावर उभं राहणं बरं. काही बस थांबणार नाहीत, त्या सोडायच्या. तुमच्या त्या ११ पैकी दोन ट्रेड नंतर फायद्यात गेले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. हा नियम पाळला असता तर ते दोन हातचे गेले असते, आणि नऊ टळले असते.

आता खरं दुखणं, आणि ते एंट्रीचं नाही.

तुमच्या २३ पैकी नऊ ट्रेडमध्ये फायदा झाला, १४ मध्ये तोटा. नऊंत सरासरी २,१०० रुपये आले, म्हणजे १८,९००. चौदांत सरासरी ४,३५० गेले, म्हणजे ६०,९००. वजाबाकी ४२,०००. आता तेच नऊ आणि तेच चौदा ठेवा, फक्त आकडे उलटे करा: फायद्यात सरासरी ४,३५०, तोट्यात सरासरी २,१००. ३९,१५० वजा २९,४००, म्हणजे ९,७५० रुपयांचा फायदा. एकही पॅटर्न जास्त बरोबर न ओळखता. पाचातले तीन ट्रेड चुकूनसुद्धा.

यादीत दिवसही आहेत. फायद्याचे ट्रेड तुम्ही सरासरी तीन दिवसांत विकलेत, तोट्याचे १९ दिवस सांभाळलेत. पिकलेला आंबा घाईने देऊन टाकायचा आणि नासका फळीवर जपून ठेवायचा, असं झालं हे. ‘खात्रीचा पॅटर्न कोणता’ हा प्रश्न म्हणूनच मला चुकीचा वाटतो. खात्रीचा एकही नाही. आकृतीचा उपयोग इतकाच, की आपण चुकलो हे कुठे कळेल ती जागा ती आधीच दाखवते. सातव्या ट्रेडमध्ये ती जागा ३९८ होती, दांडीचा तळ. भाव त्याच्या खाली गेला तर तिथे कप नाही, संपलं. ही जागा जितकी जवळ, तितकी चूक स्वस्त. ४३१ ला घेतल्यावर ती ३३ रुपये दूर होती, ४२४ ला घेतला असता तर २६. एंट्री नीट निवडण्याचा फायदा म्हणायचा तर हा एवढाच आहे. पण तोच मोठा आहे.

नग त्यावरून ठरवायचे. तुम्ही लाखाचे घ्यायचे म्हणून २३० घेतलेत. त्याऐवजी असं बघा: एका ट्रेडमध्ये आपण एकूण रकमेच्या एक टक्का गमवायला तयार आहोत, साडेतीन लाखांचे ३,५००. त्याला २६ ने भागा, १३४ शेअर. ३९८ तुटला, बाहेर. गेले ३,४८४ आणि वर थोडा खर्च. तुमचे ९,२०० गेले होते. आणि हो, या हिशेबानेसुद्धा तुम्ही त्या ट्रेडमधून बाहेरच फेकले गेला असतात आणि ४५५ ला नसतात. स्टॉपलॉस, म्हणजे चुकलो तर विकायचा आधीच ठरवलेला भाव, लावला की असं होतंच. पण साडेतीन हजार गमावलेला माणूस शेअर पुन्हा ४२० च्या वर बंद झाल्यावर परत घेऊ शकतो. नऊ हजार गमावलेला त्या शेअरचं नावही काढत नाही. तुम्हीही काढलं नाहीत, यादीत तो परत कुठेच नाही.

स्टॉपलॉसबद्दल दोन बारीक गोष्टी, कारण व्हिडिओत त्या येत नाहीत. साधा स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरताच असतो, संध्याकाळी रद्द होतो. डिलिव्हरीला जीटीटी लावावा लागतो. आणि डिमॅटमधले शेअर विकण्यासाठी ब्रोकरला डीडीपीआय (तुमच्या वतीने शेअर काढायचं अधिकारपत्र) दिलेला नसेल, तर आधी टीपिन (डिमॅटचा गुप्त क्रमांक) टाकून परवानगी द्यावी लागते. नाही तर जीटीटी लागलेला दिसतो आणि ऐन वेळी विक्री होत नाही, तेव्हा तुमचा मोबाइल लॉकरमध्ये. आज रात्रीच तपासा. दुसरं, जीटीटी पेटल्यावर लिमिट ऑर्डर जातो. ३९८ ला पेटवायचा तर लिमिट ३९८ ठेवू नका, ३९४ वगैरे ठेवा, नाही तर भाव तुमच्या लिमिटखाली घसरून पुढे जातो आणि तुम्ही आतच राहता.

फायद्याच्या बाजूला सूत्र सोपं ठेवा. २६ रुपयांची जोखीम घेतली असेल तर ५२ रुपये मिळाल्यावर अर्धे विका, उरलेल्याचा स्टॉपलॉस प्रत्येक नव्या तळाखाली सरकवत न्या. याहून चांगल्या पद्धती असतील. तीन दिवसांत पळून येण्यापेक्षा ही चांगली.

एवढं करूनही बाजार कधी कधी तोंडावर आपटवतो. ३ जून २०२४ चा सोमवार आठवा. शनिवारी एक्झिट पोल आले होते, सोमवारी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळून २३,२६३ च्या विक्रमी पातळीवर बंद झाला. त्या संध्याकाळचा निफ्टीचा चार्ट उघडा: जुन्या रेघेच्या वर बंद. वर मी जे सांगितलं ते सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी मतमोजणी. निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळून २१,८८४ ला बंद. आणि शुक्रवारी, ७ जूनला, २३,२९० ला, सोमवारच्याही वर. एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगणारा तोच एक चार्ट. मतपेटीत काय आहे ते चार्टला कुठून कळणार? म्हणून निवडणुकीचा निकाल, अर्थसंकल्प, त्या कंपनीचे तिमाही निकाल यांच्या आदल्या दिवशी नवी एंट्री नको. तारखा आधीच जाहीर असतात.

मी लहानपणी मोरजीला आजोळी असताना रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून आणायचं मोठं जाळं, ओढताना बघायचो. पाण्याचा रंग बघून, वर घिरट्या घालणारे पक्षी बघून म्हातारा बोट दाखवायचा आणि होडी जाळं टाकायला निघायची. पुष्कळदा जाळ्यात गवत आणि दोन खेकडे. म्हाताऱ्याला कोणी शिव्या घालत नसे आणि होडी विकायला काढत नसे. उद्या परत. त्याचा अंदाज दहात कितीदा खरा ठरायचा ते कोणी मोजलं नव्हतं, पण जाळं फाटणार नाही एवढी काळजी मात्र रोज घेतली जायची, तासन्‌तास दुरुस्ती चालायची.

बायकोच्या आठीचं आता सांगतो. नव्वदच्या दशकात मी वर्तमानपत्रातले बंद भाव बघून आलेख कागदावर पेन्सिलीने चार्ट काढायचो. एका कंपनीचा सुरेख डबल बॉटम, एकाच भावाला दोनदा टेकलेला तळ, माझ्या कागदावर उमटला, शिसपेन्सिलीने दोनदा गिरवलेला. घेतला. पडला. मी म्हटलं, स्वस्त झाला, आणखी घेऊ, अ‍ॅव्हरेज करू. मग तिसरा बॉटम आला, मग चौथा, आणि मग मी कागदावर खाली जागा उरली नाही म्हणून नवा कागद चिकटवला. ते पैसे आमच्या फोंड्याच्या घराची कौलं बदलण्यासाठी ठेवलेले होते. त्या चवथीला पाहुणे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरतीला उभे, आणि पडवीवर निळी ताडपत्री फडफडतेय. दोष कंपनीचा नव्हता, पेन्सिलीचाही नव्हता. मी घेताना ‘इथे आलं तर विकीन’ असा आकडा कागदावर कुठेच लिहिला नव्हता. तुमच्या यादीतही तो रकाना नाही. तारीख आहे, भाव आहे, नग आहेत, पॅटर्नचं नावसुद्धा आहे. ‘चुकलो तर कुठे’ हा रकाना नाही.

कोर्सचं लवकर आवरतो. नका घेऊ. ९० टक्के अ‍ॅक्युरसी खरी असली तरी तिला अर्थ नाही. नऊ वेळा हजार-हजार कमावले आणि दहाव्या वेळी १२ हजार घालवले तर अ‍ॅक्युरसी ९० टक्केच राहते आणि खिशातून तीन हजार जातात. शेअर सुचवणाऱ्याकडे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची नोंदणी लागते, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘मी फक्त शिकवतो’ म्हणणाऱ्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सांगितलं, की मागच्या तीन महिन्यांतले भाव दाखवून शिकवायचं नाही. त्याच्या ग्रुपवर आजचा चार्ट आणि ‘उद्या ४२० च्या वर घ्या’ असं असेल तर ते शिकवणं नव्हे. व्हिडिओतले सुंदर पॅटर्न पुढे काय झालं ते माहीत असताना निवडलेले असतात, हेही लक्षात ठेवा. घरी एक खेळ करा: जुना चार्ट उघडा, उजवी बाजू पोस्टकार्डाने झाका, एकेक दिवस सरकवत जा. घेईन, नाही घेणार, चुकलो तर कुठे, असं वहीत लिहा. असे पन्नास करा. १५ हजार वाचतात.

एमटीएफबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. उधारीच्या पैशावर रोज व्याज लागतं, शेअर ब्रोकरकडे गहाण राहतात, भाव पडला की मार्जिन, म्हणजे तारणाचे आणखी पैसे, भरा म्हणून निरोप येतो, आणि नाही भरलंत तर ब्रोकर विकून मोकळा होतो, तुम्ही ठरवलेल्या जागी नव्हे, त्याला सोयीच्या वेळी. हे नियम झाले. पण तुम्ही गोव्याचे आहात, तुम्हाला खाणींच्या डिचोली-साखळीचं ठाऊक आहे. चीनला खनिज जात होतं तेव्हा भावाची रेघ वर्षानुवर्षं वरच चालली होती. लोकांनी ती बघून कर्ज काढून ट्रक घेतले, एकाचे दोन, दोनाचे चार. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. ज्याचा ट्रक रोखीचा होता तो दारात उभा राहिला, गंजला, पण दारात राहिला. कर्जाचा होता त्याच्या दारात बँकेचा माणूस आला. पुढे खाणी काही काळ सुरूही झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दोघांनी ट्रक घेतला तो एकाच भावात, एकाच वर्षी. गमावलेलं लवकर भरून काढायचं म्हणून एमटीएफ घेणं हे खाण बंद पडल्यावर दुसरा ट्रक घेण्यासारखं आहे.

एफ अँड ओपासून लांब आहात ते तसेच राहा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा असा, की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. तुमचा ग्रुपवाला पुढच्या पायरीला तिकडेच नेईल.

आता बाबा. मास्तर अर्धे बरोबर आहेत. सगळं काढायची गरज नाही, आणि पतसंस्थेतच ठेवायचं असंही नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. एखादा टक्का जास्त व्याज मिळतं ते त्या जोखमीचं. हे त्यांना नीट, आवाज न चढवता सांगा. मास्तरांना आकड्यात सांगितलेलं पटतं.

करातलं एक राहिलं. हा तोटा विवरणपत्रात दाखवा. पगारदार म्हणून तुम्ही आयटीआर-१ भरत असाल, यासाठी आयटीआर-२ लागेल. मुदतीत भरलंत तर हा अल्पकालीन तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे, म्हणजे पुढे फायदा झाला तर या कागदाने काही हजार वाचतील. बाजारात गेलेल्या पैशांतले एवढे तरी परत मिळवण्याची ही एकमेव खात्रीची एंट्री आहे, तिला पॅटर्न लागत नाही.

आणि डिसेंबर. पत्राच्या शेवटी तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. ‘त्याआधी मार्गी लावायचं आहे’ म्हणजे काय? बाजाराला तारीख देता येत नाही. तुमच्या ट्रेडिंग खात्यात आज ३ लाख ८ हजार आहेत. त्यांतले एक लाख आठ हजार या आठवड्यात काढून तुमच्या दोघांच्या जोडखात्यात टाका. बाळंतपणाचा खर्च, नंतरचं पहिलं वर्ष, डॉक्टर, सगळं त्यातून. आत राहिले दोन लाख. त्यांचा एक टक्का दोन हजार. सातव्या ट्रेडसारखी जागा पुन्हा आली, ४२४ ला एंट्री, ३९८ ला स्टॉपलॉस, तर २,००० भागिले २६, म्हणजे ७६ शेअर. २३० नाही, १३४ ही नाही. ३२ हजारांचा ट्रेड. मित्रांना सांगायला फारच छोटा वाटेल, तर सांगू नका.

वहीत नवा रकाना आखा आणि पुढचे २० ट्रेड झाले की यादी पाठवा. घाई नाही, चवथीनंतर पाठवलीत तरी चालेल. ४२ हजारांचं सूनबाईंना सांगितलंय की नाही, ते पत्रातून कळलं नाही. जोडखात्यात पैसे टाकाल तेव्हा त्या विचारतीलच.